टॅपेट सेटिंग: उद्यमनगरात रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लहान इंजिनांचं काम करताना दिवसातून दोन-तीनदा तरी टॅपेटवर बोलणं होतंच. गिऱ्हाईक बदलतं, प्रश्न तेच. म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. हे सगळं हवेवर थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनाबद्दल आहे: शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल, उसातला वीडर (भांगलणीचं यंत्र), पेट्रोलवरचा पाण्याचा पंप, दुकानातला जनरेटर.

टॅपेट सेटिंग म्हणजे तुम्ही नक्की करता काय?

कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा (कॅम) रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत सीटवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातल्या (हेडमधल्या) त्याच्या बैठकीवर बसवते. व्हॉल्व्ह असा मिटलेला असताना रॉकरचं टोक आणि दांडीचं टोक यांच्यामध्ये केसाएवढी फट असावी लागते. ती मोजायची, कमीजास्त झाली असेल तर रॉकरवरचा स्क्रू फिरवून जागेवर आणायची. झालं काम. कार्बोरेटरला हात लावायचा नाही, हेड उतरवायचं नाही.

फट ठेवायचीच कशाला? घट्ट बसवली तर बिघडलं कुठं?

लोखंड तापलं की वाढतं. ७० मि.मी. लांबीची पोलादी दांडी ४०० अंशांनी तापली तर जवळजवळ ०.३३ मि.मी. लांब होते. मग ०.०५ ची फट कशी पुरते, असं एका पॉलिटेक्निकच्या पोरानं मला विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असं की हेड आणि सिलिंडर पण वाढतात. ते ॲल्युमिनियमचे, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. पण ते व्हॉल्व्हइतकं तापत नाही. या दोन्ही वाढींतला जो फरक उरतो, त्याच्यासाठी ही फट.

फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सायलेन्सरकडचा व्हॉल्व्ह सर्वांत जास्त तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकायलाच मिळालं नाही तर उष्णता जाणार कुठं? वर त्या बारीक चिरेतून पेटलेला वायू फुंकणीसारखा निघत राहतो. व्हॉल्व्हची कड जळायला मग वेळ लागत नाही.

आवाज लई येतोय. घट्ट करून टाका की!

कोल्हापुरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. यावर मी वाद घालतो, आणि घालण्याचं कारण सांगतो.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. पन्हाळ्याकडचे एक दूधवाले पाव्हणे यायचे. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, रोजचा चढउतार. म्हणाले, टॅपेटचा आवाज पार बंद पाहिजे, रस्त्यानं लाज वाटती. मी फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, बाजूला ठेवला, कानानं ऐकत ऐकत स्क्रू आवळला. गाडी घड्याळासारखी शांत झाली. पाव्हणे खूश, मी पण खूश. पंधरवड्यानं तीच गाडी टेम्पोत घालून आली. चढाला ओढत नव्हती, गरम झाली की किकला दाबच लागत नव्हता. हेड उतरवलं तर सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा गेलेला, उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखा. शेजारची सीट पांढरट पडलेली. व्हॉल्व्ह, सीटचं काम, पॅकिंग, सगळं माझ्या खिशातून गेलं. पाव्हणे एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून सांगतो: बारीक, एकसारखी टिकटिक असलेलं इंजिन तब्येतीनं बरं असतं. ढिल्या टॅपेटनं इंजिन वाजतं, ओढ थोडी कमी होते आणि फार दिवस तसंच चालवलं तर रॉकर व कॅम ठोकून ठोकून खराब होतात. पण ते ओरडून सांगत असतं. घट्ट टॅपेट काही न बोलता व्हॉल्व्ह खातं.

घट्ट झालंय हे मग कळायचं कसं?

सकाळी गार असताना पहिल्या किकला सुरू होते, पण चहाला थांबून परत निघताना दमवते, हे पहिलं लक्षण. आयडलिंगला टिकत नाही, ॲक्सिलरेटर धरून ठेवावा लागतो. कार्बोरेटरकडचा व्हॉल्व्ह घट्ट असेल तर कार्बोरेटरमधून उलटा फुसकारा येतो. सायलेन्सरकडचा असेल तर सायलेन्सरमध्ये फटफट होते. आणि एरवी वाजणारी गाडी आपोआप शांत झाली असेल तर आनंद मानू नका. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत आत जातो, दांडी तेवढी वर सरकते आणि फट मिटत जाते. गॅसवर चालवलेल्या जनरेटरात हे लवकर होतं. पेट्रोलमुळे सीटला मिळणारा थोडाफार ओलावा सुक्या गॅसमध्ये नसतो.

माझ्या इंजिनाला किती गॅप ठेवायचा?

कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांचे आकडे साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी. यांच्या दरम्यान असतात. वीडरवर आणि पंपावर दिसणाऱ्या होंडा जीएक्स १६० ला कार्बोरेटरकडे ०.१५ आणि सायलेन्सरकडे ०.२०, दोन्हीला ०.०२ इकडेतिकडे चालतं. त्याच घरातल्या छोट्या जीएक्स ३५ ला, म्हणजे गवत कापायच्या मशीनवर असतं त्याला, ०.०८ आणि ०.११. जीएक्ससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या इंजिनांना हेच आकडे लागू होतील असं धरू नका. सोबत आलेलं पुस्तक रद्दीत घालू नका, एवढीच विनंती.

गरम इंजिनावर करून दिलं तर? मला परत शिरोळला जायचंय.

नाही. पुस्तकातला आकडा थंड इंजिनाचा असतो. थंड म्हणजे हात ठेवून सहन होतं असं नव्हे. रात्रभर उभं राहिलेलं. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा किंवा सकाळी ढकलत आणा. दोन-तीन तास पंख्याखाली ठेवूनही काम भागतं, पण घाईचं काम म्हणून माझ्याकडून ते करून घेऊ नका. लांबून येणारे लोक यावरून रागावतात. रागावू देत.

टीडीसी कसा शोधायचा? मी यूट्यूबवर बघून केलं आणि आवाज तिप्पट झाला.

टीडीसी म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला आलेली जागा, आणि तुम्ही चुकीच्या टीडीसीवर केलंत. इथंच दहातले आठ जण घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा कोंडलेला गॅस दाबत येतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दुसऱ्यांदा धूर बाहेर ढकलत येतो, तेव्हा सायलेन्सरकडचा मिटत असतो आणि कार्बोरेटरकडचा उघडायला लागलेला असतो. मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) खूण मात्र दोन्ही वेळा जागेवरच दिसते. दुसऱ्या वेळी कॅम रॉकरला दाबून असतो, फट शून्य दिसते, माणूस म्हणतो घट्ट आहे, आणि स्क्रू ढिला करत सुटतो. पुढच्या फेऱ्यात कॅम बाजूला झाला की तिथं एवढी मोठी फट पडते की इंजिन चरकातल्या घुंगरासारखं वाजतं.

बरोबर रीत अशी. प्लग काढा, म्हणजे इंजिन हातानं सहज फिरतं. टॅपेटची दोन्ही झाकणं काढा. कार्बोरेटरकडच्या रॉकरवर नजर ठेवून इंजिन चालतं त्याच दिशेनं हळू फिरवा. तो रॉकर खाली जाईल, परत वर येईल. वर आल्यानंतर टीडीसीची जी पहिली खूण येते तीच आपली. मोटरसायकलच्या मॅग्नेटवर बहुधा दोन अक्षरं असतात, टी आणि एफ. एफ ही ठिणगीची खूण. आपल्याला टी हवं. वीडरच्या इंजिनाला बाहेरून खूण दिसत नसेल तर प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ धरा. पिस्टन वर येतो तशी ती बोटात वर सरकते आणि टोकाला जरा थांबते. तार किंवा पेचकस घालू नका.

मग दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा. दोन्हीत जरा खेळ लागला पाहिजे. पण निव्वळ या खेळावर विसंबू नका. व्हॉल्व्ह आधीच घट्ट झालेला असेल तर बरोबर जागी पण खेळ लागणार नाही. म्हणून आधी कार्बोरेटरकडचा रॉकर बघायचा, मग खूण.

घरी करायचं तर मोटरसायकलवर हात कुठून घालायचा?

आडव्या सिलिंडरच्या शंभर सीसी गाडीचं सांगतो, कारण जिल्ह्यात त्याच जास्त. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन गोल झाकणं असतात. मधलं मोठं काढलं की क्रँकचा नट दिसतो, त्याला गोटी पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचं. वरचं छोटं काढलं की खूण दिसते. हेडवर टॅपेटची दोन झाकणं: एक वर कार्बोरेटरकडे, एक खाली सायलेन्सरकडे. खालचं झाकण उघडताच त्यातून ऑइल सायलेन्सरच्या पाइपवर गळतं, म्हणून खाली चिंधी धरा. नाहीतर सुरू केल्यावर निळा धूर निघतो आणि घरातले सगळे बाहेर येतात.

फिलरची पट्टी ऑइलमध्ये बुडवून रॉकरच्या स्क्रूखाली सरकवा. ती ना सैल पडली पाहिजे, ना वाकली पाहिजे. वहीच्या दोन पानांतून तिसरं पान ओढताना जेवढी अडते तेवढी अडली पाहिजे. हवी तशी नसेल तर लॉकनट ढिला करा. त्याला बहुधा ८ किंवा ९ नंबरचा पाना आणि मधल्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूला टॅपेटची किल्ली लागते. स्क्रू किती फिरवायचा? आटे एका फेऱ्याला अर्धा मि.मी. चालणारे असले तर ०.०५ मि.मी. म्हणजे फेऱ्याचा फक्त दहावा भाग. मनगट नुसतं हलवायचं.

आता खरी गंमत. स्क्रू किल्लीनं धरून लॉकनट आवळला की तो नट स्क्रूला स्वतःबरोबर थोडा फिरवून नेतो आणि तुमचं सगळं मोजमाप बिघडतं. नट आवळल्यावर पट्टी परत घालून बघायची. दोनदा-तीनदा करावं लागतं, मला आजही लागतं. शेवटी इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून त्याच जागी आणा आणि पुन्हा एकदा मोजा.

वीडरची दोरी ओढली की हाताला झटका देते. क्लच गेला का?

क्लचचा संबंध नाही. भांगलणीच्या दिवसांत ही तक्रार रांगेनं येते आणि निम्म्या वेळा कारण टॅपेट असतं.

दोरीनं सुरू होणाऱ्या बऱ्याच इंजिनांच्या कॅमवर एक छोटी युक्ती बसवलेली असते. इंजिन हळू फिरतंय तोवर ती व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, थोडा दाब निघून जातो आणि दोरी हलकी येते. वेग आला की ती बाजूला होते. हे उचलणं असतंच मुळात जरासं. टॅपेटची फट वाढली की ते उचलणं फट भरण्यातच संपतं आणि व्हॉल्व्ह हलतच नाही. मग पूर्ण दाब तुमच्या हातावर. फट आकड्याला आणली की म्हाताऱ्या माणसाला पण दोरी ओढता येते.

याच युक्तीमुळे अशा इंजिनांची फट नेमक्या जागी मोजावी लागते. जीएक्सला दाबाच्या फेऱ्यातला टीडीसी सांगितला आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांना पिस्टन टीडीसीच्या पाव इंच खाली उतरल्यावर मोजायला सांगतात, म्हणजे ती युक्ती मध्ये येत नाही. वीडरवर काम करताना आधी प्लगची टोपी काढून बाजूला बांधा. खाली पाती आहेत हे विसरू नका. झाकण उघडल्यावर पुशरॉड (कॅमकडून रॉकरला ढकलणारी दांडी) जागेवरून निसटू देऊ नका, आणि व्हॉल्व्हच्या टोकावर सुटी टोपी किंवा चकती असेल तर ती मातीत पडणार नाही हे बघा. शेताच्या बांधावर बसून हे काम केलेले दोघं माझ्याकडे ती चकती शोधत आले होते.

फिलर गेज नाही. दाढीचं ब्लेड चालतं म्हणतात?

जुने मेस्त्री ब्लेडवर करायचे, आणि त्यात तथ्य आहे. दुधारी ब्लेडची जाडी ०.१० मि.मी. असते. तुमच्या इंजिनाचा आकडा ०.१० असेल तर अडल्या वेळी चालेल. ०.०५ असेल तर दुप्पट फट पडेल, आणि ०.२० ला दोन ब्लेडं एकावर एक धरताना बोट कापेल. फिलर गेज काही महाग वस्तू नाही. घ्या एक. पातळ पट्ट्या लवकर दुमडतात, त्यांना ऑइल लावून ठेवा.

सेटिंग केलं, आकडा बरोबर आहे, तरी आवाज आहेच.

दोन शक्यता आधी बघतो. स्क्रूच्या टोकाला खड्डा पडलेला असला की पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते. पट्टी म्हणते ०.०५, खरी फट असते दुप्पट-तिप्पट. स्क्रू काढून टोकावर नख फिरवा, खड्डा लगेच लागतो. स्क्रू बदला.

दुसरी शक्यता, आवाज टॅपेटचा नाहीच. टॅपेटचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक असतो, हेडमधून येतो, रेस केलं की त्याच तालात वाढतो. टायमिंग चेनचा आवाज डाव्या बाजूनं, खरखरीत, आणि रेस सोडताना जास्त येतो. लांब पेचकसाचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून ऐका, फरक कळतो. कॅमचा उंचवटाच झिजला असेल तर टॅपेट कितीही सेट करा, आठ दिवसांत परत वाजेल. हे बहुतेक वेळा ऑइल कमी असताना चालवल्यामुळे होतं. हेड सगळ्यात वर, ऑइल तिथं सगळ्यात शेवटी पोचतं.

किती दिवसांनी तपासायचं?

पुस्तकात दिलेल्या अंतरानं. पुस्तक हरवलं असेल तर मोटरसायकलला पाच-सहा हजार किलोमीटरला एकदा, वीडर आणि पंपाला हंगामाआधी एकदा. नवीन इंजिन आणि नुकतंच व्हॉल्व्ह घासून बसवलेलं इंजिन यांना लवकर बघावं लागतं, सीट बसत असते. फट बरोबर निघाली तर स्क्रूला हात लावू नका. प्रत्येक सर्व्हिसिंगला "टॅपेट केलं" म्हणून नट सैल करून परत आवळणारे लोक असतात.

बुलेटचं करता का?

जुन्या ओतीव सिलिंडरच्या बुलेटचं करतो. तिथं फिलर लागतच नाही. थंड इंजिनावर पुशरॉड दोन बोटांत मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑइलच्या दाबावर आपलं आपण फट भरतात. ते "सेट करून देतो" असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. ड्यूकसारख्या दोन कॅमच्या इंजिनाला स्क्रू नसतो, मोजून जाडीच्या चकत्या बदलाव्या लागतात. ते काम आमच्याकडे होत नाही.

आजोबांच्या वेळचा पाण्याचा पंप आहे. त्याला स्क्रूच सापडत नाही.

असणारच नाही. जुन्या पेट्रोल-रॉकेलच्या पंपांत व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बगलेत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत फट वाढवायचा एकच मार्ग: व्हॉल्व्ह काढून दांडीचं टोक घासणं. टोक सरळ काटकोनात आणि थोडं थोडं घासावं लागतं. जास्त घासलं गेलं तर परत वाढवता येत नाही, मग सीट खोल करून व्हॉल्व्ह खाली बसवावा लागतो. लेथवाल्याकडे द्या, हातानं कानशीनं करू नका. असे पंप मात्र टाकून देऊ नका, उद्यमनगरात त्यांचं काम करणारी म्हातारी माणसं अजून भेटतात.

पुरात बुडालं होतं. टॅपेट करून सुरू होईल?

२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांनंतर पंचगंगेकाठची इंजिनं अशीच आली. टॅपेट हा त्यातला शेवटचा भाग. दोरी ओढू नका, किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर, ऑइल बदली, कार्बोरेटर साफ. गाळ आणि गंजामुळे व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, अडकलेला असतो. अशा वेळी रॉकरच्या बाजूला भलतीच मोठी फट दिसते, कारण व्हॉल्व्ह खालीच राहिलेला असतो. ती फट बघून स्क्रू आवळला तर पुशरॉड वाकलाच म्हणून समजा.

सेटिंगनंतर झाकणातून ऑइल झिरपतंय.

ओ-रिंग कडक झालेली आहे. नवीन घाला. झाकण जोरानं आवळून गळती थांबत नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे निघाले की ओ-रिंगच्या कामाचं हेडचं काम होतं. पाना आखूड धरायचा, हाताला अडलं की थांबायचं.